तासाला पंचवीस मिलिमीटर

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मधल्या चोवीस तासांत जेवढं पाणी पर्जन्यमापकात पडतं, तेवढा त्या दिवसाचा पाऊस.

बुलढाणा जिल्ह्यात आम्ही पाऊस हंगामाच्या हिशेबानं मोजतो. मृगात पेरणीपुरता आला का, पोळ्यापर्यंत टिकला का. वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आत किंवा आसपास. तेवढ्यावर सोयाबीन, कपाशी, तूर, विहिरी आणि नळ असं सगळं भागवायचं असतं.

२६ जुलै २००५ च्या पावसाच्या दिवसात मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वर्षाहून जास्त. एका एकरावर पसरला तर सुमारे ३८ लाख लिटर पाणी.

हा त्या दिवसाचा घटनाक्रम आहे. तो त्या दिवशी सुरू होत नाही.

३१ वर्षं आधी

५ जुलै १९७४. कुलाबा वेधशाळेत एका दिवसात ५७५.६ मिलिमीटर पावसाची नोंद होते. मुंबईवर एका दिवसात अर्ध्या मीटरहून जास्त पाऊस पडू शकतो, हे त्या दिवसापासून सरकारी वहीत लिहिलेलं आहे.

२० वर्षं आधी

१९८५ च्या पावसाळ्यात मुंबई तुंबते. पर्जन्य जलवाहिन्यांचा नव्याने अभ्यास करायचा, असं महापालिका ठरवते. जुन्या शहरातलं पावसाळी गटारांचं जाळं इंग्रजांच्या काळातलं आहे. ते आखताना धरलेला हिशेब असा: पाऊस तासाला २५ मिलिमीटर. त्यातलं निम्मं पाणी जमीन पिऊन घेईल, निम्मं गटारात येईल.

हा हिशेब झाला तेव्हा जमीन उघडी होती. माती, गवत, वाड्या, खाजणं, मिठागरं होती. पुढे त्यांच्यावर डांबर आणि काँक्रीट आलं. हिशेब तोच राहिला.

१२ वर्षं आधी

१९९३. अभ्यासाचा अहवाल हातात येतो. प्रकल्पाला नाव मिळतं ब्रिमस्टोवॅड. शिफारस सरळ आहे: गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा, आणि पडलेलं सगळं पाणी गटारातच येईल असं धरून चाला. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकायला पंपिंग स्टेशनं बांधा. खर्च सुमारे ६१६ कोटी रुपये.

अहवाल ठेवून दिला जातो. काही कामं होतात, बहुतेक होत नाहीत. पैसे नाहीत, हे कारण.

मधल्या बारा वर्षांत शहर थांबत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे अठरा किलोमीटर वाहणारी मिठी नदी अरुंद होत जाते. तिच्या काठावर भंगाराची गोदामं, तेलाचे पिंप धुण्याचे धंदे, कारखाने आणि झोपड्या येतात. विमानतळाशी ती काटकोनात वळवलेली आहे. धावपट्टी तिच्यावरून जाते. तोंडाजवळच्या पाणथळ जागेवर भराव घालून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहत आलंय. कित्येक मुंबईकरांना ही नदी आहे हेच ठाऊक नसतं. ते तिला नाला म्हणतात.

इथे दोष झोपडीवाल्यांना देण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. नदीला काटकोनात वळवणं आणि पाणथळीवर भराव घालणं ही कामं नकाशावर सही होऊन झाली.

आदला दिवस: सोमवार, २५ जुलै

कोकणात पाऊस वाढतो. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात डोंगर सुटू लागतात. जुई गावावर दरड कोसळते. त्या एका गावात नव्वदहून जास्त माणसं मरतात. रस्ते आणि फोन बंद असल्यानं ही बातमी बाहेर पडायलाच वेळ लागतो.

मुंबईसाठी जोरदार पावसाचा अंदाज आहे. जुलैत तो बहुतेक दिवशी असतो. उद्या काय होणार आहे याची कल्पना त्या अंदाजातून येत नाही. ढगाच्या पोटात किती पाणी आहे हे मोजणारं डॉप्लर रडार शहरात नाही. आणि एवढ्या पसरलेल्या महानगरात हवामान खात्याच्या वेधशाळा दोन: कुलाबा आणि सांताक्रूझ.

मंगळवार, २६ जुलै, सकाळी ८.३०

नवा पावसाचा दिवस सुरू होतो. लोकल भरून धावतायत. शाळांची सकाळची सत्रं भरलेली आहेत.

११.३०

सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात जेमतेम थेंब आहेत. कोणी छत्री विसरलं असेल तर त्याचं काही बिघडलेलं नाही.

दुपारी २.००

आभाळ उत्तरेकडे काळवंडतं. सकाळपासूनचा पाऊस अजून वीस मिलिमीटरही नाही. दुपारच्या शाळा सुरू आहेत.

२.३०

खरा पाऊस सुरू होतो. उपनगरांवर, अंधेरी, सांताक्रूझ, कुर्ला, विहार, भांडुप या पट्ट्यावर. दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्यात तो किरकोळ आहे. मंत्रालय दक्षिणेला आहे, महापालिकेचं मुख्यालयही. शहराचे निर्णय जिथून होतात त्या खिडक्यांतून त्या क्षणी नेहमीचा जुलै दिसतो. कुलाब्याची चोवीस तासांची नोंद अखेर ७३.४ मिलिमीटर भरेल.

३.३०

एक तास झाला. सांताक्रूझची नोंद: १९०.३ मिलिमीटर.

गटारं २५ साठी आखलेली. हे साडेसात पट. शिवाय जमीन निम्मं पाणी पिईल हे गृहीत आता खोटं झालेलं आहे, म्हणून गटाराच्या तोंडाशी येणारं पाणी जुन्या हिशेबाच्या सुमारे पंधरा पट आहे. १९९३ च्या शिफारशीप्रमाणे सगळी कामं झाली असती तरी एवढं पाणी मावलं नसतं. पण ते किती चढलं असतं आणि किती वेळ तुंबलं असतं, यात फरक पडला असता.

३.५०

समुद्राला भरती. उंची ४.४८ मीटर.

भरतीचं वेळापत्रक छापील असतं, महिनोन् महिने आधी तयार. ३.५० ही वेळ वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत होती. मुंबईतली बरीच गटारं भरतीच्या पातळीखाली उघडतात, आणि बहुतेकांच्या तोंडांना दरवाजे नाहीत. म्हणून भरती आली की गटारातलं पाणी बाहेर जात नाही, समुद्राचं आत येतं. माहीमच्या खाडीत मिठीसमोर समुद्र उभा राहतो. मागून विहार आणि पवई भरून ओसंडू लागलेत. विहारच्या परिसरात त्या दिवशी १,०४९ मिलिमीटर पाऊस होणार आहे, सांताक्रूझपेक्षाही जास्त.

नदीला पुढे जायला वाट नाही. ती बाजूला पसरते. कुर्ला, कलिना, साकीनाका, बैलबाजार, धारावी.

४ ते ५

कार्यालयांत बातमी पोचते की गाड्या उशिरा धावतायत. लाखो माणसं एकच निर्णय घेतात: लवकर निघू या. रोजच्या अनुभवावर घेतलेला तो शहाणा निर्णय आहे. उशीर केला तर गर्दी वाढते, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

बाहेर पडू नका, आहात तिथेच थांबा, हे सांगणारी सूचना त्यांच्यापर्यंत वेळेत पोचली नाही. पावसाच्या मोजणीचा आकडा वेधशाळेत होता. भरतीची वेळ छापील तक्त्यात होती. दोन्ही एकत्र ठेवून पाहणारी यंत्रणा नव्हती. त्या दिवशीच्या सगळ्या चुकांत मला ही सर्वांत मोठी वाटते. गटार रुंद करायला वर्षं लागतात. दोन आकडे शेजारी ठेवायला मिनिटं लागतात.

शाळांच्या बस मुलं घेऊन निघतात. काही रस्त्यातच थांबतात, रात्रभरासाठी.

संध्याकाळ

रुळांवर पाणी. दोन्ही बाजूंची लोकल सेवा बंद. मध्य रेल्वे कुर्ल्याला बुडालेली, पुढे उल्हास नदी बदलापूर आणि कल्याणच्या बाजूला पसरलेली. मलकापूर, नांदुरा, शेगावला येणारा लोहमार्ग त्याच कल्याणवरून येतो. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या घरांतली मुलं मुंबईत कामाला होती, त्या घरांत त्या रात्री फोनजवळ बसून राहणं एवढंच उरलं. फोन लागत नव्हते. मोबाइलचे मनोरे आणि दूरध्वनी केंद्रं वीज आणि पाण्यानं बंद पडत गेली.

विमानतळ बंद. तो तीस तासांहून जास्त काळ बंद राहील.

साकीनाक्याजवळ टेकडीचा भाग वस्तीवर कोसळतो. सत्तरहून जास्त माणसं गाडली जातात.

रात्री ८.००

सकाळी आठपासूनचे बारा तास: ६४४ मिलिमीटर. त्यातले सहाशेहून जास्त गेल्या साडेपाच तासांतले.

लोक रुळांवरून, दुभाजकांवरून, कंबरभर पाण्यातून चालतायत. अनोळखी घरांची दारं उघडतात, चहा-बिस्किटं दिली जातात, दोर बांधले जातात. याचं पुढे फार कौतुक झालं, आणि ते खरंच होतं. पण दोर बांधायची वेळ यावी, हे ठरलं ते १९९३ नंतरच्या बारा अंदाजपत्रकांत.

गाड्यांमध्ये बसून राहिलेली काही माणसं काचा आणि दारं उघडत नाहीत म्हणून आतच गुदमरून मरतात. पाणी ओसरेल म्हणून ती थांबलेली होती. तळमजल्यावरच्यांनी सामान पलंगावर ठेवलं, मग माळ्यावर. कलिना-कुर्ल्याच्या काही भागांत पाणी पहिल्या मजल्याला लागलं.

रात्री १० च्या सुमारास

ओहोटी. समुद्र मागे हटतो, गटारांची तोंडं मोकळी होतात. पाणी काही ठिकाणी इंचाइंचानं उतरतं. पण तोंडांशी आता गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे थर आहेत, आणि पाऊस थांबलेला नाही. उपनगरांचा मोठा भाग अंधारात आहे.

पहाटे ४ च्या सुमारास

पुन्हा भरती. जिथे पाणी उतरलं होतं तिथे ते परत येतं. तबेल्यांत दावणीला बांधलेली जनावरं बुडाली आहेत, हे उजाडल्यावर दिसेल.

बुधवार, २७ जुलै, सकाळी ८.३०

सांताक्रूझचा निरीक्षक नोंद पूर्ण करतो. ९४४.२. मुंबईच्या जुलै महिन्याच्या सरासरीहून जास्त पाऊस, एका दिवसात.

गुरुवार, २८ जुलै, रात्र

पाणी ओसरत आलंय. जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत अफवा येते: धरण फुटलं, त्सुनामी येतेय. आदल्या वर्षीच्या डिसेंबरमधल्या त्सुनामीची चित्रं लोकांच्या डोळ्यांसमोर ताजी आहेत. अरुंद बोळांतून पळताना चेंगराचेंगरी होते. १८ माणसं मरतात. खरी माहिती ज्यांच्यापर्यंत दोन दिवस पोचली नव्हती, त्यांनी खोट्या माहितीवर विश्वास ठेवला.

पूर आणि दरडींत मुंबईत ४१९ जण गेले. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस आणि इतर रोगांनी आणखी २१६. राज्यभरात मृतांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. ३७ हजार रिक्षा, ४ हजार टॅक्सी, ९०० बेस्ट बस बिघडल्या. मिठीकाठच्या किती घरांतले कागद, रेशनकार्डं, शाळेचे दाखले भिजून गेले, याची मोजणी झाली नाही.

८ महिन्यांनंतर

मार्च २००६. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल येतो. मिठीचं पात्र, गटारांची क्षमता, पूररेषा, पावसाची जागोजागी मोजणी. बरंचसं १९९३ मध्ये लिहिलेलं होतं.

यानंतर कामं झाली, ती नोंदवली पाहिजेत. शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. २०१० मध्ये कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं. हाजी अली, इर्ला आणि पुढे आणखी चार पंपिंग स्टेशनं उभी राहिली. माहुल आणि मोगरा रखडली. २०२० मध्ये पाऊस, नदी आणि भरती यांचा एकत्र हिशेब मांडणारी पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. ते दोन आकडे शेजारी आले, पंधरा वर्षांनी. दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसराचं पाणी भरती उतरेपर्यंत साठवायला मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या.

टाकीची कल्पना मला पंपापेक्षा महत्त्वाची वाटते. पाणी लगेच बाहेर फेकायचा हट्ट सोडून त्याला काही तास थांबायला जागा द्यायची, हे त्यात आहे. पूर्वी ते काम खाजणं आणि तिवरं फुकट करत होती.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला ३३१.४ मिलिमीटर पाऊस झाला. शहर पुन्हा थांबलं.

१८ वर्षांनंतर

आता विदर्भात, आमच्याकडे.

हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. बाष्प अरबी समुद्राकडून येतं. विदर्भ त्या वाटेवर आहे. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण तो थोड्या तासांत.

२२ जुलै २०२३. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस होतो. नद्या-नाले गावांत शिरतात. वावरं खरडून जातात, खालचा मुरूम उघडा पडतो. त्या मातीला परत यायला पिढ्या लागतील.

दोन महिन्यांनी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपूर. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडतो, नाग नदी वस्त्यांत शिरते. लोक झोपेत असतात. मिठीसारखीच नाग नदी, आणि तिलाही शहरात कित्येक जण नालाच म्हणतात.

बुलढाणा जिल्हा, कोणत्याही पावसाळी दिवशी, सकाळी ८.३०

महसूल मंडळांचे आकडे तहसील कार्यालयात येतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं तर अतिवृष्टी, मग पंचनामे. मंडळांतली स्वयंचलित केंद्रं आता तासातासाची नोंद करू शकतात, पण मदतीची यादी चोवीस तासांच्या आकड्यावर ठरते. ६५ मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडले की पिकाला अमृत, आणि चाळीस मिनिटांत पडले की बाजारपेठेत गुडघाभर पाणी. कागदावर दोन्हींची नोंद एकच होते.

आमची तालुक्याची गावं वाढतायत. घाटावर आणि घाटाखाली, रस्त्याकडेच्या वावरांचे प्लॉट पडतायत. लेआउटच्या नकाशात नाल्याची जागा एका निळ्या रेघेइतकी उरते. नाल्यावर स्लॅब पडतो, स्लॅबवर गाळे उभे राहतात, गाळ्यांपुढे पेव्हर ब्लॉक बसतात. त्या स्लॅबखाली किती व्यासाचा पाइप टाकलाय आणि तो तासाला किती मिलिमीटर पाऊस धरून टाकलाय, हे मी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. पाइप किती फुटी आहे ते तिन्ही ठिकाणी लगेच सांगितलं. दुसरा आकडा कुणी काढलेला नव्हता.